बंदूक चालवायला माणूस पहिल्यांदा शिकतो कुठं? एनसीसीच्या पाच गोळ्यांपासून शेतीसंरक्षणाच्या परवान्यापर्यंत

ग्रामीण भागात बंदुकीशी पहिली ओळख होते ती बहुतेक दोन ठिकाणी. एक जत्रेत. फुगे लावलेला फळा, साखळीने बांधलेली छर्‍याची बंदूक, दहा-वीस रुपयांत काही छर्रे. दुसरी दसर्‍याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, ज्याच्या घरात बंदूक आहे त्याच्याकडे शस्त्रपूजन होतं तेव्हा. पण बघणं वेगळं आणि चालवणं वेगळं. जत्रेतल्या बंदुकीचा नेम बहुतेकदा मुद्दाम वाकडा ठेवलेला असतो, त्यामुळे तिथं फुगा फुटला नाही म्हणून कुणी नाराज व्हायचं कारण नाही.

खरी बंदूक कायद्याच्या चौकटीत पहिल्यांदा हातात येते ती एनसीसीत, पोलीस किंवा सैन्यभरतीनंतर, रायफल क्लबात नाहीतर शेतीसंरक्षणाचा परवाना काढताना. या सगळ्या वाटांची माहिती एका ठिकाणी मिळत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पदक घेतल्यापासून पोराला नेमबाजीला घालायचं म्हणणारे पालक वाढलेत. दुसर्‍या बाजूला रानडुकरांनी मका, भात, ऊस लोळवला की बंदुकीचा परवाना काढू म्हणणारे शेतकरीही आहेत. दोघांना लागणारी माहिती खाली आहे.

एनसीसी : पहिल्या पाच गोळ्या

राष्ट्रीय छात्र सेना म्हणजे एनसीसी १९४८ साली सुरू झाली. तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक हायस्कूल-कॉलेजांत तिची तुकडी असते. शाळेत साधारण आठवी-नववीत ज्युनिअर विभागात प्रवेश मिळतो, दोन वर्षांनी ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा. कॉलेजात सीनिअर विभाग, तिथं ‘बी’ आणि ‘सी’ प्रमाणपत्र. मुलींनाही प्रवेश आहे. महाराष्ट्रात नाव काढलेल्या कितीतरी नेमबाज मुलींनी पहिली गोळी इथंच झाडली.

एनसीसीत शिकवायची रायफल असते पॉइंट टू-टू बोअरची. पॉइंट टू-टू म्हणजे नळीचा व्यास ०.२२ इंच, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. तिचा धक्का खांद्याला जवळजवळ लागतच नाही, म्हणून शिकाऊ पोरांना ती देतात. पण म्हणून ती खेळणं नव्हे. या छोट्या गोळीची पल्ला गाठायची ताकद दीड किलोमीटरच्या घरात आहे, आणि तेवढ्यात आपल्याकडं एक अख्खी वाडी येते. म्हणूनच फायरिंग रेंजच्या मागे मातीचा उंच बांध घातलेला असतो.

पहिल्या दिवशी कुणालाही गोळी मिळत नाही. आधी रायफल खोलायची, पुसायची, परत जोडायची. भागांची नावं पाठ करायची. हुकूम हिंदीत असतात, त्यामुळे ‘लेटकर पोजिशन’, ‘भर’, ‘फायर’, ‘खाली कर’ हे शब्द गावाकडच्या पोरांच्या तोंडात आयुष्यभर बसतात. मग कितीतरी तास नुसतं पालथं पडून नेम धरणं. हे कंटाळवाणं वाटतं, पण सगळी विद्या इथंच आहे. ज्याने हे अंगवळणी पाडलं त्याला पुढे गोळी मिळाली की फार सांगावं लागत नाही.

नेम धरायचा म्हणजे करायचं काय? नळीच्या टोकाला पुढची माशी असते आणि डोळ्याजवळ मागची खाच. ही माशी खाचेच्या बरोबर मधे आणायची आणि दोन्ही मिळून लक्ष्याखाली किंवा लक्ष्यावर टेकवायची. नवशिक्याची पहिली चूक ही की तो लक्ष्याकडे टक लावून बघतो. डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट बघू शकतो. स्पष्ट दिसायला हवी माशी, लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. माशी खाचेत केसभर जरी सरकली तरी लांब लक्ष्यावर ती चूक कित्येक पटीने मोठी होते.

दुसरं श्वासाचं. श्वास घेताना छाती वर येते आणि नळी हलते. म्हणून श्वास सोडल्यावर जो आपसूक थांबा येतो, त्या पाच-सात सेकंदांत बार काढायचा. तेवढ्यात जमलं नाही तर नेम सोडायचा, दोन श्वास घ्यायचे, परत धरायचा. रेटून बार काढायला जाणार्‍याची गोळी हमखास भरकटते.

तिसरं चाप. चाप झटका मारून ओढायचा नसतो, बोटाच्या पेराने सरळ मागे, हळूहळू दाबत जायचा, इतका की बार कधी निघेल ते आपल्यालाही नेमकं कळू नये. बार निघणार या कल्पनेनेच बहुतेकांचं अंग आधी आखडतं, डोळे मिटतात, खांदा पुढे येतो. हा दोष काढायची उस्तादांची एक जुनी युक्ती आहे. शिकणार्‍याला न सांगता मधेच एखादं खोटं काडतूस भरून द्यायचं. चाप ओढला, बार काही निघाला नाही, पण नळी मात्र खाली झुकली, म्हणजे चोर सापडला.

आणि मग त्या पाच गोळ्या. २५ यार्डांवर कागद लावलेला असतो. कागद परत आला की पोरं आधी बघतात मधल्या ठिपक्याला लागली का. शिकवणारा ते बघतच नाही. तो बघतो पाची भोकं एकमेकांच्या किती जवळ आहेत. याला ग्रुपिंग म्हणतात. पाची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली पण कागदाच्या कोपर्‍यात असली, तरी पोरगं चांगलं. कारण बाजूला गेलेला पुंजका रायफलची माशी-खाच सरकवून मधे आणता येतो. विखुरलेली भोकं माणसाचा दोष दाखवतात, तो स्क्रू फिरवून जात नाही.

एक गोष्ट घरीच तपासून घेता येते. जसा उजवा-डावा हात असतो तसा एक डोळा प्रबळ असतो. दोन्ही हात लांब करून पंजांमधे छोटी फट करायची, दोन्ही डोळ्यांनी त्या फटीतून लांबचा विजेचा खांब बघायचा आणि एकेक डोळा झाकून बघायचा. ज्या डोळ्याने खांब फटीत राहतो तो प्रबळ. उजव्या हाताच्या पोराचा डावा डोळा प्रबळ असेल तर त्याला सुरुवातीला अडचण येते. ते शिकवणार्‍याला आधी सांगितलेलं बरं, नाहीतर महिनाभर पोराला ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी बसतात.

पोलीस आणि सैन्यातलं शिक्षण याच पायावर उभं आहे, फक्त हत्यार मोठं. जुन्या हवालदारांनी थ्री-नॉट-थ्रीवर हात बसवला, त्यानंतरच्यांनी एसएलआर आणि इन्सासवर. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात किंवा राज्यातल्या पोलीस प्रशिक्षण केंद्रांत गेलेल्या पोरांत ज्याने एनसीसी केलेली असते तो पहिल्या फायरिंगला घाबरत नाही, एवढा फरक दिसतो.

कांबळवाडी ते पॅरिस

स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. २००९ साली, चौदाव्या वर्षाच्या आसपास, वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथं पहिलं वर्ष अंगमेहनतीचं, मग एक खेळ निवडायचा. त्याने नेमबाजी निवडली. म्हणजे घरात बंदूक नव्हती, शिकारीचा वारसा नव्हता, सरकारी निवासी केंद्रातून पोरगं तयार झालं. २०१५ साली रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी लागली आणि त्यानंतर स्वतःची रायफल घेता आली. सहा वर्षं दुसर्‍याच्या रायफलवर सराव करून माणूस देशाच्या संघाच्या दारापर्यंत पोचू शकतो, हे ‘रायफल कुठून आणायची’ म्हणून माघार घेणार्‍या पालकांनी लक्षात घ्यावं.

१ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात तो तिसरा आला, गुण ४५१.४. या प्रकारात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून अशा तीन अवस्थांत नेम धरायचा असतो. सुरुवातीला तो मागे होता, उभ्याने नेम धरताना वर सरकला. ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम सव्वा सेंटिमीटरहून लहान, १०.४ मिलिमीटर. साधारण शर्टाच्या बटणाएवढं. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य आणलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली.

कोल्हापूर जिल्ह्याचं हे पहिलं नाव नव्हे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली, नेमबाजीत जगज्जेती होणारी पहिली भारतीय महिला. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण घेतलं. तिच्या हातात बंदूक पहिल्यांदा आली ती शाळेतल्या एनसीसीत. मुंबईच्या अंजली भागवत यांचीही सुरुवात एनसीसीतून. पुढे २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोचल्या.

पोराला घालायचं असेल तर सुरुवात दहा मीटरच्या एअर रायफल किंवा एअर पिस्तुलापासून होते. यात दारूगोळा नसतो, दाबलेल्या हवेने साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर, पेनाच्या टिंबाएवढा. साडेचार मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूल ताकदीच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. त्यापुढच्या ताकदीला लागतो. घेताना दुकानदाराकडून पक्की पावती आणि ताकदीचा लेखी उल्लेख घ्यावा, म्हणजे रस्त्यात पोलिसांनी विचारलं तर दाखवायला कागद असतो. आणि परवाना लागत नाही म्हणजे पाखरं मारायची मोकळीक आहे असं नाही. मोर, पारवे, होले, सगळ्यांना वन्यजीव कायदा लागू आहे.

स्पर्धेची रायफल, जाड कापडाचं जाकीट, बूट असा सगळा खर्च लाखांच्या घरात जातो. तो पहिल्याच महिन्यात करायची गरज नसते. क्लबाची रायफल वापरता येते, आणि सरावाचा मोठा भाग छर्रा न भरताच असतो. भिंतीवर ठिपका काढून त्यावर अर्धा तास नुसता नेम धरायचा. पिस्तुलाची पोरं पाण्याने भरलेली बाटली हात लांब करून धरून दंड घट्ट करतात. याला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते.

वस्तादांची तालीम

हे शिक्षण आपल्या भागाला नवं नाही. पानिपतावर १७६१ साली मराठ्यांकडून लढलेल्या इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी फ्रेंच पद्धतीने कवायत शिकलेल्या होत्या. रांगेत उभं राहायचं, हुकमाबरोबर ठासायचं, हुकमाबरोबर झाडायचं. गारदी हा शब्दच फ्रेंचांकडून आला. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉइन या साहेबाकडून कंपू उभे करून घेतले. त्याआधीची तोड्याची बंदूक, म्हणजे जळती वात लावून बार काढायची, ती घरच्या घरी बापाकडून पोराने शिकायची वस्तू होती. पलटणीने ती सामुदायिक केली.

पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. दांडपट्टा, तलवार यांच्याबरोबर तिथं निशाणबाजीही शिकवली जाई. जोतीराव फुल्यांनी तिथं धडे घेतले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. त्यानंतर १८७८ साली इंग्रजांनी शस्त्र कायदा आणला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा झालं. तेव्हापासून सामान्य माणसाचं बंदूक शिकणं तुटलं ते तुटलंच. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा समाजाला मात्र सूट मिळाली, ती आजही चालू आहे. तिथं सणाला नारळावर नेम धरायच्या स्पर्धा होतात. आपल्याकडं बंदूक राहिली ती पाटील, इनामदार, शिकारी आणि शेतीसंरक्षणवाल्यांकडे.

ठासणीची बंदूक आणि रानडुक्कर

कोकणात आणि घाटमाथ्यावर शेतीसंरक्षणासाठी बहुतांश ठासणीच्या बंदुका आहेत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. मागे केप बसवली की बंदूक तयार. ही बंदूक कुणी वर्गात शिकत नाही. बाप किंवा काका शिकवतो, तेही राखणीच्या माळ्यावर, रात्रीच्या अंधारात. म्हणून त्यात दोष राहून जातात. दारू किती घ्यायची याचं माप डोळ्यांनी घेतलं जातं, आणि जास्त झाली तर नळी फाटते. दुसरं म्हणजे ही बंदूक भरली की रिकामी करणं किचकट असतं. बार काढला नाही तर तशीच भरलेली घरी येते आणि खुंटीला लटकते. घरातली पोरं तिला हात लावतात ते ती रिकामी आहे या समजुतीने.

याहून मोठा धोका अंधाराचा. झुडूप हललं, डुक्कर आलं, बार काढला. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोर भागातल्या जंगलात रानडुक्कर समजून सोबतच्याच माणसावर गोळी गेली आणि तो दगावला. अशा बातम्या कोकणातूनही अधूनमधून येतात. एनसीसीचं पोरगं पहिल्या आठवड्यात जे शिकतं, ते या मंडळींना कुणी शिकवलेलंच नसतं. बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. नळी कधी माणसाकडे वळवायची नाही. नेम बसेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. आणि सावज पूर्ण दिसल्याशिवाय, त्याच्या मागे काय आहे ते कळल्याशिवाय बार काढायचा नाही. खुणेच्या आवाजावर बार काढणारा कितीही जुना शिकारी असो, त्याच्याबरोबर रात्री जाऊ नये.

शेतकर्‍यांत एक गैरसमज पक्का आहे, की बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी. तसं नाही. बंदूक ठेवणं शस्त्र कायद्यात येतं, जनावर मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात. उभ्या पिकाचं नुकसान करणार्‍या रानडुकराला मारायला वनखात्याच्या अधिकार्‍याची लेखी परवानगी लागते. त्यासाठी आधी वनपरिक्षेत्र अधिकार्‍याकडे तक्रार, पंचनामा. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं, ते घरी नेऊन वाटे घातले तर गुन्हा वेगळा. परवानगी नसेल तर हवेत आवाज काढून हाकलणं आणि नुकसानभरपाईसाठी लगेच अर्ज करणं, एवढंच हातात राहतं. ते पुरत नाही ही शेतकर्‍यांची तक्रार खरी आहे. रात्रभर माळ्यावर बसून सकाळी अर्धा एकर मका आडवा दिसला की माणूस कायद्याची कलमं वाचत बसत नाही. पण तुरुंगात गेल्यावर राखण कोण करणार, हाही हिशेब आहेच.

परवाना काढायचा तर

१९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांवर हे चालतं. अर्ज जिल्हाधिकार्‍यांकडे, जिथं पोलीस आयुक्तालय आहे तिथं आयुक्तांकडे. वय किमान २१. पोलीस ठाण्याकडून चौकशी होते, गुन्हे दाखल आहेत का, घरात भांडणं आहेत का, बंदूक ठेवायला कुलपाची जागा आहे का. शेतीसंरक्षणासाठी सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे जोडले तर अर्जाला वजन येतं. कायद्यात शेतीसंरक्षणासाठी मुख्यतः ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती अपुरी पडते असं अधिकार्‍याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी, म्हणजे बारा बोअरसारखी बंदूक मिळू शकते.

२०१६ च्या नियमांत एक चांगली गोष्ट आली, ती म्हणजे परवान्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण. हत्यार कसं ठेवायचं, कसं न्यायचं, कसं झाडायचं, निगा कशी राखायची हे त्यात येतं. अनेकजण याकडं फक्त एक कागद म्हणून बघतात. तो दिवस नीट देऊन बारा बोअरचे चार बार तरी स्वतः काढून बघावेत. बारा बोअर खांद्याला जोरात मारते. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवला नाही तर पहिल्याच बाराला हाड दुखावतं आणि माणूस पुढे कायमचा दचकून बार काढतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आहे. लग्नात, वरातीत, निवडणुकीच्या मिरवणुकीत बेफिकिरीने बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवान्यात ज्याचं नाव नाही त्याला, मग तो सख्खा भाऊ असो की सालगडी, राखणीसाठी बंदूक देता येत नाही. निवडणुकीच्या काळात ठाण्यात बंदूक जमा करायला सांगतात तेव्हा पोच घ्यायला विसरू नये.

लहान मुलांच्या बाबतीत विचारणा होते म्हणून : परवाना २१ नंतरच, पण खेळाच्या किंवा एनसीसीच्या प्रशिक्षणापुरतं, देखरेखीखाली, बारा वर्षांपुढच्या मुलांना बंदूक चालवता येते. बापाने शेतात नेऊन स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीने शिकवणं त्यात बसत नाही.

माळ्यावरची जुनी बंदूक

आजोबा वारले, त्यांच्या नावाचा परवानाही संपला, आणि बंदूक माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली राहिली, अशी घरं बर्‍याच गावांत सापडतील. परवाना वारसाला आपोआप मिळत नाही. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत ती तिथंच राहते. घरात ठेवली तर विनापरवाना हत्याराचा गुन्हा. ठाण्यात कळवताना जुना परवाना आणि मृत्यूचा दाखला बरोबर न्यावा. बंदूक ठासणीची असेल तर ती भरलेली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेली दारूही पेट घेऊ शकते. गज घालून बघणं, केप काढायला घोडा मागे ओढणं, उन्हात वाळवणं यातलं काहीही घरी करू नये. आहे तिथं ठेवून, पोरांना लांब करून, आधी ठाण्याला फोन करावा आणि न्यायची कशी ते त्यांनाच विचारावं.